वरणातलं मीठ

आई, काल आमच्या ऑफिसात तक्रार घेऊन आलेल्या एका बाईचं काम झालं, आणि घरी येऊन कोणाला सांगावं तर तूच आठवली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तू होती तेव्हा मला ही नोकरी नव्हती, म्हणून आधी ते सांगते. मी इथंच, जबलपुरातच, आयोगाच्या ऑफिसात तक्रारी लिहून घेते. जातीवरून, धर्मावरून, बाईमाणूस म्हणून, पायानं अधू म्हणून ज्याला कोणी बाजूला सारलं, तो आमच्याकडे येतो. तू असती तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं की डोक्यावर पंखा हाय का. हाय, आई. खडखड करतो, पण हाय.

ही बाई आली ती चपला दारात काढून आली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. "बैठिए न," म्हटलं, तर खुर्चीच्या कडेवर एवढीशी टेकली. तुझ्यासारखीच, सरकारी शाळेत पोरींचं दुपारचं जेवण शिजवणारी. तिच्या आधीची स्वयंपाकीण वरच्या जातीची होती. ही लागल्यावर आठव्या दिवशी चारदोन पोरींच्या आया फाटकाशी आल्या, पोरींना म्हणाल्या, इसके हाथ का नहीं खाना. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी हिला काढलं. कारण काय दिलं, तर जेवण बेचव. ती मला म्हणे, "दीदी, दाल वही है, चूल्हा वही है, फिर खराबी किसमें है?" मी पेन उचललं आणि ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

आमच्या हातात फार काही आहे अशातला भाग नाही. आम्हाला कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. लोकांना वाटतं आयोग म्हणजे मोठी तोफ. कसलं काय! पण माणूस बोलतो तसं लिहून घेता येतं, त्याला वाचून दाखवता येतं, पावती देता येते. वकील लागत नाही, पैसा लागत नाही. चौकशी संपेपर्यंत तिच्या जागी दुसऱ्या कोणाला घेऊ नका, तिला त्रास देऊ नका, असं शाळेला कळवता येतं. आणि मुख्य म्हणजे कागद मागता येतात. ती एकटी गेली असती कागद मागायला तर तिला फाटकातून आत घेतलं नसतं. आमचं पत्र गेलं तर द्यावेच लागतात.

मी शाळेची चवीची वही मागवली. तुला ही वही माहीत आहे. जेवण पोरींना वाढायच्या आधी शाळेतल्या कोणीतरी चाखायचं, चव कशी ते लिहायचं आणि सही करायची, असा नियमच आहे. वही आली. त्या आठही दिवशी हेडमास्तरांच्या अक्षरात लिहिलेलं, स्वाद उत्तम. खाली झोकदार सही. सुनावणी घ्यायला बसलेल्या आमच्या मॅडमनी ती वही हेडमास्तरांच्या पुढ्यात सरकवली आणि विचारलं, "ये आपने लिखा है?" त्या माणसानं आधी पानं उलटून पाहिली. मग म्हणे, मैडम, वो तो रोज़ ऐसे ही लिख देते हैं. मॅडम म्हणाल्या, "यानी आप चखते नहीं थे. काहे नहीं चखते थे?" दोन्हीकडून अडकला. चाखलं म्हणावं तर वरण चांगलं होतं. नाही म्हणावं, तर तिच्या हातचं खायचं नव्हतं हे कबूल करावं लागतं. ती बाई माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती, या खेपेला नीट टेकून. महिनाभरात आदेश निघाला. तिला परत घ्या, आणि पहिल्या दिवशी सगळ्या शिक्षकांनी पोरींच्या पंगतीत बसून जेवा. काल तो पहिला दिवस होता.

तुझ्या शाळेतही ती वही होती, आई. मी आमच्या हेडसरांना तिच्यात सही करताना पाहिलंय. चाखताना कधी पाहिलं नाही.

मी चौथीत आहे. तुला आमच्याच शाळेत स्वयंपाकाला लागून सहावा दिवस. तू निळी साडी नेसलीय आणि बडा फुहाऱ्याच्या बाजारातून तुझ्या खर्चानं हिंग आणलाय, कारण शाळेच्या सामानात हिंग नाही आणि बिनहिंगाचं वरण तुझ्या हातून वाढवत नाही. व्हरांड्यात पंगत बसलीय. तू पळीनं वाढत पुढं जाते, आणि तुझ्या पाठीमागं पोरी एकेक उठतात, हापशाजवळच्या नालीत ताट उपडं करतात. सर येतात. कोणीतरी म्हणतं, सर, नमक ज़्यादा है. सरांना मी दिसते. "तू तो इसी की लड़की है. तू बता, नमक ज़्यादा था?" तू पळी हातात धरून माझ्याकडे पाहून राहिली. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहून राहिली. मी म्हटलं, "पता नहीं, सर." ते हसले. "लो, बेटी को भी पता नहीं." दुसऱ्या दिवसापासून चुलीपाशी दुसरी बाई आणि तुझ्या हातात झाडू. चार वर्षं तू त्या अंगणात झाडू मारला. बाबा म्हणाले, जाऊ दे, नोकरी तर हाय ना. तक्रार ऐकायला कोणी बसलेलं असतं, हे आपल्या वस्तीत कोणाला माहीतच नव्हतं.

तू मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट तेव्हापासून घरी वरण झालं की थोडं माझ्या तळहातावर टाकायची, "पाह्य वं, मीठ बरोबर हाय का?" पोळीच्या कणकेला, लोणच्याला, साध्या भातालासुद्धा तेच. जिच्या हातची भाजी शेजारणी वाटी घेऊन मागायला यायच्या, ती बाई चिमूटभर मीठ घेऊन चुलीपुढं घुटमळत राहायची. मला त्याचा इतका राग यायचा, आई. तुझ्यावरच ओरडायची मी, किती वेळा विचारशील म्हणून.

आणि मग मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातली, तू खाटेवर असतानाची ती दुपार. मी डब्यात खिचडी आणलेली. तू म्हणाली, "आता खरं सांग. त्या दिवशी मीठ जास्त झालं होतं काय?" मी नाही म्हटलं असतं, तर तू पुढचं विचारलं असतं, मग पोरींनी काहून फेकलं? तिथं मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, "हो आई. थोडं झालं होतं." तू केवढा मोठा श्वास सोडला. "मंग बरं. मी उगाच इतकी वर्षं मनात जातीपातीचं घेऊन बसली होती. माझाच हात चुकला." आणि खिचडीचे चार घास जास्त खाल्ले. तिसऱ्या दिवशी तू गेली.

आता रोज मीच लोकांना सांगते, बाई, चूक तुमची नाही, लिहा.

काल मीही त्या शाळेत गेली. शिक्षक तोंडं पाडून पंगतीत बसले होते. निम्म्या पोरी बसल्या, निम्म्या भिंतीशी उभ्या राहिल्या. एका आदेशानं सगळ्या बसतील असं मलाही वाटलं नव्हतं. ती बाई वाढत माझ्यापाशी आली. मी वरण दोनदा मागून घेतलं. "नमक ठीक है, दीदी?" तिनं हळूच विचारलं. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, बिलकुल ठीक है. आणि घास गिळताना मला रडू आलं, भर पंगतीत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझी हिंमत झाली नसती. पण आमच्याकडे साक्षीदाराला शेवटी एकच सांगतात, जे पाहिलं तेवढंच बोला. तर त्या दिवशी तुझ्या पाठीमागं नालीकडे ज्या पोरी उठल्या, त्यांच्यात तिसरी मी होती. मीठ किती होतं ते मला आजही माहीत नाही, आई. मी चाखलंच नव्हतं.