तू धरलेला बहार

प्रिय शैला,

दोन दिवस कात्री चालवून बोटं सुजलीत, अक्षर वेडंवाकडं येईल. पण बागेत काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मन थाऱ्यावर येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

परवा दुपारी दोड्डबळ्ळापूरकडे आपल्या बागेवर गारा पडल्या. मी इथे बेंगळुरात घरी होतो. इथे नुसतं आभाळ गडगडलं. मग शेजारच्या मळ्यातल्या लक्ष्मम्मा अक्कांचा फोन आला, “सर, स्वल्प… जरा लवकर या.” आवाजावरूनच समजलो.

डाळिंबाखाली हिरव्या पानांचा सडा पडला होता. फांद्यांची साल सोलवटलेली. आणि फळं! नुकती लिंबाहून मोठी झाली होती गं. कुठे फुटलेली, कुठे काळे डाग.

जानेवारीत पाणी सोडून तू हा बहार धरलास आणि कळ्या दिसायच्या आत गेलीस. फळं कशी फुगतात ते बघायला मी दर आठवड्याला जायचो. तुझ्या हातचं काहीतरी अजून वाढतंय, एवढंच मला पुरायचं.

गेल्या वर्षी मी गारांपासून वाचवायला जाळी टाकू या म्हणालो होतो. झाडांना पिंजऱ्यात कशाला कोंडायचं, म्हणालीस. त्या एका वेळी ऐकायला काय झालं होतं तुला?

अक्का म्हणाल्या, मार लागलेलं फळ ठेवू नका, जखमेतून तेल्या रोग शिरला की झाडंही हातची जातील. हे तुझ्याकडून मी कितीदा ऐकलंय! तरी विचारलं, एखादाच डाग असलेलं ठेवू का? त्यांनी माझ्या हातात कात्री दिली.

मृणाल रजा टाकून तिच्या एचएसआरच्या घरून आली. तू गेल्यापासून तिचा एकच धोशा : बाबा, बाग विकून टाका, तुमचे गुडघे बघा जरा. तीच चिखलात उतरली. ती मोडक्या फांद्या छाटत गेली, मी त्या कापलेल्या जागी रोग शिरू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावत गेलो. मग फळं काढायला घेतली. थोड्या वेळाने बघतो तर ती एका झाडापाशी नुसती उभी.

“बाबा, हा आईने धरलेला बहार ना?”

“हो.”

“मग मला नाही जमत.”

“तू पाटी धर,” म्हटलं, “मी काढतो.”

आणि काढली, शैला. एकेक करून सगळी. एक तरी घरी न्यावं असं फार वाटलं. नाही नेलं. बांधापलीकडे खड्डा करून पुरली. रागावली नाहीस ना?

परतताना हेब्बाळच्या गर्दीत अडकलो तेव्हा मृणालने विचारलं, फवारणी पुन्हा कधी करायची? विकायचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. दोघंही फार दमलो होतो.

यंदा झाडांवर दुसरा बहार धरणार नाही. त्यांना पाणी देईन, शेणखत घालीन, नवी फूट येऊ देईन. पुढच्या हिवाळ्यात बहारासाठी पाणी कधी तोडायचं ते मला नीट जमणार नाही, माहीत आहे. फळं कमी धरतील, उशिरा धरतील. पण ती मी धरलेली असतील आणि ती बघायला मी असेन, एवढा शब्द देतो.

तुझा,
विनायक