बाहेरच्या डब्यावरची चादर

१४ एप्रिल
एसी बसला एकदाचा! गच्चीखालची ही खोली म्हणजे नुसती भट्टी. डॉक्टर म्हणाले होते, अंग तापलं की नवऱ्याच्या नसा दगा देणार, पाय लटपटणार – खोली गार ठेवा. हा शिंपी; टेबलाशी उभंच राहता आलं नाही तर कापड बेतणार कसं? दोन महिने पलंगावर पडून आहे. परवा म्हणाला, "दुकान आवरून टाकू." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

१५ एप्रिल
खोली गारेगार. आज पोटभर जेवला. सासूबाई मात्र दारातूनच – "ही कसली बाई विकतची हवा!"

१८ एप्रिल
दुपारपासून एसी नुसता वारा घालतोय, गारवा नाही. याचे पाय पुन्हा लुळे. एसी बसवणाऱ्या मेकॅनिकला फोनवर वाट्टेल ते बोलले. फसवलं मेल्यानं!

१९ एप्रिल
मेकॅनिक आला. माझ्या शिव्या खाऊनही शांत. म्हणाला, "वहिनी, हा थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून बाहेर टाकतो. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवता ना? पाणी उडताना ताप घेऊन जातं. तसंच. आतल्या नळ्यांत पातळ झालेल्या गॅसची वाफ होते, ती खोलीतली उष्णता ओढून घेते. बाहेरचा डबा तिला दाबतो, उष्णता बाहेर सोडतो, गॅस पुन्हा पातळ होऊन परत आत."

मग गॅलरीत गेला आणि हसतच सुटला. बाहेरच्या डब्यावर आमची जाड चादर! चारी बाजूंनी नीट खोचलेली. उष्णता जाणार कुठून?

सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "उन्हात तापत होता गं बिचारा. माझ्या लेकासाठी राबतोय, म्हणून पांघरूण घातलं."

मला आधी राग आला, मग हसू, मग रडूच कोसळलं. मेकॅनिकची माफी मागितली. जड गेलं.

२० एप्रिल
पुन्हा गारवा. सासूबाई तासातासाला गॅलरीत जाऊन डब्यापुढे हात धरतात. "गरम येतंय गं, म्हणजे चाललंय!"

२४ एप्रिल
हा आपणहून पलंगाच्या कडेला बसला. पाय खाली टेकवले. कुणाला बोलले नाही, इथेच लिहिते.

२९ एप्रिल
कामावरून आले. सासूबाई हात पसरून ताठ उभ्या. आणि त्यांच्यासमोर मापाची टेप घेऊन हा – उभा! "आई, हलू नकोस ना." डोळे घळघळत होते त्यांचे, पण हा पुसायलाही हात खाली घेऊ देईना.