न दिसणारं ग्रहण

५ मे २०२३, शुक्र.
उज्जूला सातवा. पहिलं बाळंतपण, म्हणून माझ्याकडे. संध्याकाळी शहाद्याहून विहीणबाईंचा फोन. "आज ग्रहण शे. पोरले निजाडी ठेवा. विळी-सुरी हातमा देऊ नका." हो म्हटलं. मिरचीचे देठ खुडून आले होते, हातांची आग. भांडणार कोण.
उज्जूने मोबाईलवर वाचलं. छायाकल्प आहे म्हणे. नुसती पुसट सावली, डोळ्यांना कळतही नाही, पाळायची गरज नाही. हेच ग्रहण २००५ च्या एप्रिलात होतं, अठरा वर्षांनी फिरून येतं.
मी हात गार पाण्यात घातले.
तिला कैरी खायची होती. "चिरू का माय?"
"चीर. काही व्हत नही."
अंगणात जाऊन बघितलं. चंद्र गोल, पांढरा. कुठं काय.

६ मे
झोप नाही. २००५ चं भर दुपारी होतं. चंद्र आकाशातच नव्हता. तरी सासूने सरळ झोपवलं. कूस बदलायची नाही, पाण्याचा घोट नाही. चैत्रातलं ऊन, वर पत्रा. सगळं पाळलं. पोरगा मेलेला जन्मला. उज्जू तेव्हा चार वर्षांची. तिला एवढंच माहीत, भाऊ झाला होता, राहिला नाही.

११ जुलै
मुलगी. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. नर्सने कपडा बाजूला केला आणि उज्जूने तोंड फिरवलं.
डॉ. म्हणाले, ओठ दुसऱ्या महिन्यात बनतो, सातव्यात नाही. ऑपरेशनने नीट होईल.

१२ जुलै
विहीणबाई आल्या. आधी बाळीला बघितलं, मग मला. डॉक्टरचं सांगितलं. "डॉक्टर काय पंचांग वाचस का?"
त्यांचं सोडा. उज्जू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मन्ही मायनीच सांगेल व्हतं. काही व्हत नही म्हने."

२० जुलै
आज तिला भावाचं सगळं सांगितलं. मी पाळूनही गेला, म्हटलं.
"म्हंजे त्यालेबी ग्रहणनीच खादं."
"अगं, पाणीसुद्धा नव्हते प्याले मी."
"मंग पाळामा काही चुकनं व्हई."
ताट उचललं, बाहेर आले.

२४ जुलै
सव्वा महिन्याच्या आत सासरचे दोघींना घेऊन गेले. बाळीचं तोंड पदराखाली. उज्जूला म्हटलं एकदा दे माझ्याकडे. नाही दिली.

भाऊबीज
आली नाही. तिचा चिवडा बांधून ठेवला होता. यांनी उघडला तर मी ओरडले. मग मीच म्हटलं, खा.

डिसें.
जावयांनी फोटो पाठवला. ऑपरेशन झालं. आम्हाला कळवलंही नाही. ओठ जोडलाय, टाक्यांची रेघ आहे. कडेला उज्जूच्या बांगड्या तेवढ्या दिसतात. फोन केला. उचलला नाही. आता करायची नाही.
केला.

२५ मार्च २०२४, धुळवड
सकाळी उज्जूचा फोन. जुलैनंतर पहिला. कशी आहेस नाही, काही नाही.
"माय, आज परत तसंच ग्रहण शे म्हने. आपल्याकडे दिसाव नही. बाळीले आंघोळ घालू का?"
घाल, काही होत नाही. तोंडापर्यंत आलं.
"तुझ्या सासूला विचार."
"सासूले नही, तुले विचारी ऱ्हायनू."
तिकडं बादलीत पाणी पडत होतं. नळ बंद झाला. बाळी म्म-म्म करत होती, ओठ मिटल्याशिवाय येत नाही तो आवाज. उज्जू थांबली होती. "घाल," म्हटलं मी.