दर्यासिंग अजून विहिरीतच

सावेडी, अहमदनगर
९ मे १९७३

प्रिय हेमदादा,

सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक. यंदा नळाला पाणी नाही आणि ऊन असं की अंगणात पाय टेकवत नाही. तू मात्र भूक लागली की नुसता चहा ढोसत बसू नकोस. मला माहीत आहेत तुझी थेरं.

मासिक बंद पडलं, आता ब्रश हातात धरणार नाही, ट्रंकेतली चित्रकथांची मूळ चित्रं रद्दीत घाल, असं तू लिहिलंस. मी घातली नाहीत. ट्रंक उघडली तर रडूच आलं. उन्हाने डिंक वाळून, तू चित्रांवर चिकटवलेल्या संवादांच्या चिठ्ठ्या सगळ्या सुटलेल्या. तळाशी चिठ्ठ्यांचा ढीग आणि वर तुझी माणसं तोंडं उघडी टाकून मुकी.

मी खळ शिजवून चिकटवायला बसले. नाना बघत होते. तू शाळेतली नोकरी सोडून चित्रं काढायला मुंबईला गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं एक पान हातात धरलेलं नव्हतं. पण म्हणाले, "तुला जमायचं नाही. आण इकडे." कोणतं वाक्य कुणाचं हे कळायला गोष्ट वाचावीच लागते, मग बसले वाचत. राजकन्येचं 'मला आईची आठवण येते' त्यांनी दरोडेखोराच्या तोंडी चिकटवलं. मी चूक दाखवली तर म्हणाले, त्यालाही आई असेलच की. मी ते तसंच ठेवलंय.

तुझा दर्यासिंग शेवटच्या अंकात विहिरीत पडला तो पडलाच. तो वर येतो का, असं नाना रोज विचारतात. दादाने पुढचं काढलंच नाही म्हटलं तर पुन्हा तेच पान काढून बघत बसतात. परवा धुणंभांडी करणाऱ्या छबूबाई मला म्हणाल्या, "ताई, मास्तर लई इचारत्यात. त्या मानसाला कुनीतरी वर काडा की."

सगळे ठीक असं वर लिहिलंय ते खरं नाही, दादा. नानांच्या छातीत दोनदा कळ येऊन गेली. मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी तुला कळवायला बंदी केली आहे. तू घाबरून आलेला त्यांना नको आहेस. काल दरोडेखोराचं पान मांडीवर घेऊन म्हणाले, "हात चांगला आहे गं त्याचा. मला कुणी दाखवलंच नाही."

मला हसावं की रडावं कळेना.

दर्यासिंगाला वर काढ. पानं पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. शाई वाळायची वाट बघू नकोस.

तुझी,
नीलू