वजनाएवढा गूळ

आर्णी, ८ डिसेंबर २०२४

ती. सौ. विमलताईस,
घनश्यामचा सा. न. वि. वि.

फोनवर तुले निम्मं ऐकू येते आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, म्हणून पत्र. बसून वाच.

परवा मी आणि अर्पिता माहूरला गेलतो. मोटरसायकल ऐनवेळी चालू झाली नाही, म्हणून एसटीनं. लग्नाला अकरा वर्षं झाली, दत्तकाच्या यादीत नाव टाकूनही तिसरं वर्ष लागलं. अर्पितानं गडावर पदर पसरला. माझी ओटी भर, लेकराच्या वजनाएवढा गूळ वाटीन म्हणे.

परतीच्या गाडीत मी पुढच्या सीटवर झोपलेला. मागं अर्पिताच्या शेजारच्या पोरीनं तिच्या मांडीवर तान्हं बाळ ठेवलं, जरा धरा काकू, पाणी घेऊन येते म्हणाली, आणि फाट्यावर उतरली. आलीच नाही. आम्ही गाडी थांबवली, सारा फाटा पालथा घातला. पोलिसांचे कागद आणि बालकल्याण समितीचे फोन होईस्तोवर रात्र झाली. तोवर बाळ अर्पिताच्या कुशीतच. काल यवतमाळच्या शिशुगृहात पोचवलं. मुलगी आहे ताई. आई मुदतीत परत आली तर तिची, नाहीतर पुढं यादीप्रमाणे, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. पण देवीनंच हातात दिलेल्या पोरीले यादी काय करते? सातबाऱ्यावर नाव चढायला वर्ष जाते, इथं नवस बोलून दोन तास झाले नव्हते.

लोभ आहेच, थोडा भाचीसाठी वेगळा काढून ठेव.
तुझा घनश्याम


पुसद, १४ डिसेंबर २०२४

चि. घनश्यामास, अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सुनेलाही वाचून दाखवलं, त्यामुळे आता गल्लीला ठाऊक आहे. माझ्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. तुझे भाऊजी म्हणतात, अजून कशात काय नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही जन्मभर छत्री घेऊन फिरलात, भिजला नाहीत, पण मजाही आली नाही.

एक सांगते. देवीनं दिली, देवीनं दिली असं गावभर सांगून राह्यला असशील, ते आवर. तिच्या मनात काय ते तिला ठाऊक, तू काही तिचा पीए नाहीस. आणि अर्पिता काय म्हणते ते लिही. तुझ्या पत्रात तू आणि देवी, दोघंच बोलता.

माझा लोभ मागायची गरज नाही, दुपट्यांचं माप तेवढं कळव.
तुझी ताई


आर्णी, २० जानेवारी २०२५

ती. ताईस, सा. न.

गाडीतली ती पोरगी लेकरू मागायले परत आली. घरच्यांच्या भीतीनं केलं होतं म्हणे. आता मावशी पाठीशी उभी राहिली. ही तीच का, एवढं सांगायले आम्हाला बोलावलं होतं. गाडीत तिचं तोंड पाहिलेलं एकट्या अर्पितानं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि हो म्हटलं. ताई, मी तिच्या जागी असतो तर नाही म्हटलं असतं. हे दुसऱ्या कुणाले सांगू नको.

आता अर्पिता म्हणते, गूळ वाटायचा. काहून? काम झालं नाही तर नवस कायचा? देवीनं द्यायचं, दाखवायचं आणि परत घ्यायचं, वरून गूळही खायचा? तूच समजाव तिले.

लोभ असू दे, बाकी कशावर भरवसा नाही.
घनश्याम


पुसद, २२ जानेवारी २०२५

चि. घनश्यामास, आशीर्वाद.

दुपटी कपाटात ठेवताना मीही देवीला चार शब्द जास्तच बोलले. तिनं असं का केलं ते मला समजलेलं नाही, आणि समजलं म्हणून सांगत येईल त्याला चहासुद्धा देऊ नकोस. पण तुझी फटफटी त्या दिवशी चालू झाली असती, तर ते लेकरू कुणाच्या मांडीवर गेलं असतं, हा विचार आला की हातातली सुई थांबते.

अर्पिताला अडवू नकोस. गाडी चालव, तोंड बंद ठेव. रविवारी मी पहिल्या एसटीनं माहूरला येते.

लोभ आहे, म्हणूनच रागावते.
ताई


आर्णी, ३० जानेवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रविवारी गडावर तुझ्यासमोर एक सांगता आलं नाही.

आदल्या दिवशी गूळ घ्यायले देवीलालच्या दुकानात गेलतो. किती किलो, त्यानं विचारलं. मी अर्पिताकडं पाहिलं. बाळाचं वजन आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं एक ढेप उचलली, कुशीत धरली, जड आहे म्हणून खाली ठेवली. दुसरी घेतली, ती हलकी निघाली. गिऱ्हाइकं पाहून राह्यली होती, एक जण हसलाही. तिनं पुन्हा मोठीच घेतली, देवीलालकडून कोपरा फोडून घेतला, उचलली. आणखी थोडा फोडायला लावला. मग डाव्या हातावर आडवी घेऊन डोळे मिटले. एवढीच होती, म्हणाली. देवीलाल काट्याकडं हात करायला लागला तर त्यालेही काट्यावर ठेवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी माहूरपर्यंत ती फटफटीवर मागं बसली, ढेप मांडीवर, पदराखाली. देवीशी माझं बोलणं अजून बंद आहे. तुझ्या हातचा प्रसाद खाल्ला, तेवढाच. पण ताई, त्या रस्त्यानं मी पहिल्यांदा एकेक खड्डा चुकवत गाडी चालवली.

दुपटी कुणाला देऊन टाकू नको. यादीत नाव आहे.

लोभ कपाटात न ठेवता वापरात असू दे.
तुझा घनश्याम