मापाच्या बुटांचे तास

५ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे ताईकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला आवडत नाही, म्हणून पत्रच बरं. लेकीकडे आराम करायला गेला आहात, हे विसरू नका. एव्हाना तिच्या घरातल्या सगळ्या चपलांचे तळ तपासून झाले असतील.

इकडे कारखान्यात धांदल आहे. नव्या यंत्रांसाठी पैसे गुंतवणारे तिघे जण पुढच्या आठवड्यात येणार आहेत. बुटांच्या एका जोडाचा खर्च आपण कसा काढतो ते मी त्यांना समजावून सांगायचं, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. आजवर भाडं, वीज, पगार हे सगळं आपण प्रत्येक जोडामागे सारखं वाटत आलो. दुसरी रीत अशी, की ज्या जोडाला जितके तास लागतात तितका खर्च त्याच्या माथी. दोन्ही मांडून एक निवडायची आहे. तासांची रीत जास्त खरी वाटते, पण तिने तुमच्या हातचे, एकेकाच्या पायानुसार शिवलेले मापाचे बूट जरा महाग दिसतील. बघू.

लोभ आहेच, रागावलात तरी तो राहू द्या.
तुमची,
खारू

९ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चपलांचं तुला कोणी सांगितलं? जावईबापूंची टाच एकाच बाजूने झिजते, ते मी त्यांना सांगितलं, तर चार दिवस ते माझ्यासमोर चालायलाच तयार नाहीत.

तुझ्या रितींमधलं मला ओ की ठो कळत नाही. खरं असेल ते दाखव. वाकड्या पायाचं माप सरळ घेतलं तर बूट चावतो, तसंच हेही असणार. तुझ्यावर सोडून मी निर्धास्त आहे. कारखान्यातल्या माझ्या खोलीतल्या लाकडी साच्यांना कोणाला हात लावू देऊ नकोस. आणि त्या दिवशी नवे बूट घाल. तुझ्या आखूड पायाच्या जुन्या बुटाची टाच बसली आहे, फार वेळ उभं राहवणार नाही.

माया आहे तशीच आहे.
काका

१७ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. ‘जरा महाग’ असं मी तुम्हाला कळवलं होतं, ते खोटं होतं. तासांच्या रितीने तुमचा प्रत्येक जोड तोट्यात जातो, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.

बैठकीत मी दोन्ही रिती मांडल्या. कोणती निवडाल असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तासांची म्हणाले. त्याचं वाईट वाटत नाही. पण मग त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, की मापाचे बूट बंद केले तर काही बिघडेल का. काका, सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. तुमच्याकडे एक जण माप द्यायला येतो आणि त्याच्या घरचे सगळे जाताना आपले तयार बूट घेऊन जातात, हे मी लहानपणापासून बघते आहे. पण ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. आणि मला भीती वाटली, की आता सगळे माझ्या पायांकडे बघतील, ही स्वतःसाठीच भांडते आहे असं म्हणतील. मी आखूड पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि म्हणाले, विशेष काही बिघडणार नाही.

महिनाअखेर कराराच्या सह्या झाल्या की तुमची खोली बंद होईल. तुमचेच बूट घालून मी हे केलं. मला माझं तोंड बघवत नाही. हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण उत्तर द्या.

लोभ मागायचं तोंड नाही.
खारू

२२ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग आला होता. मी जेवलो नाही, म्हणून ताईने तुझं पत्र वाचलं, मग तीही जेवली नाही. आता राग उतरला.

पडल्या पडल्या विचार करताना एक लक्षात आलं. मी तुला माझे दिवसभराचे सगळे तास रोज कळवत होतो, पण झालेल्या जोडांत तुझे स्वतःचे कधी मोजलेच नाहीत. घरच्या मुलीच्या बुटांचं कसलं बिल करायचं? नवीन काही सुचलं की आधी तुझ्या पायावर करून बघायचं, जमेपर्यंत उसवायचं. ते सगळे तास दुसऱ्यांच्या जोडांच्या माथी बसले. तेवढ्याने तोटा भरून निघणार नाही, हे मलाही कळतं. पण तुझा आकडा पुरता खरा नव्हता, आणि त्यात माझाही हात आहे.

त्या बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. मला एवढंच कळव, की पाय दुमडून इतका वेळ बसलीस, तर बूट घोट्याला लागला का? लागला असेल तर कड खाली घ्यायला हवी.

माया कमी झालेली नाही.
काका

३० जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

सह्यांच्या आधी मी बोलायला उठले. दोन्ही बूट काढून टेबलावर ठेवले, तेव्हा बाबांनी डोळेच मिटून घेतले. मग मी अनवाणी दारापर्यंत गेले आणि परत आले. कारखान्यातल्या कोणीही मला तसं चालताना पाहिलेलं नव्हतं. माझे जोड धरून काढलेला नवा आकडा सांगितला, तासांच्याच रितीने. तोटा आहेच, पण कमी आहे. तयार बूट नेणाऱ्या घरांचंही सांगितलं, रकाना नसताना. तुमच्या खोलीला एक वर्ष मिळालं आहे. पुढचं त्यांनी कबूल केलेलं नाही, आणि मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर किती मिळालं असतं, हे आता कधीच कळणार नाही.

बूट घोट्याला लागला होता. कड खाली घ्या, काका, आणि या वेळी त्याचं बिल माझ्या नावावर करा.

तुमची,
खारू