लिफ्टमधला पैलवान

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मी जमिनीवर पालथी झाले की तुझा पैलवान पाठीवर चढून बसतो, आणि उतरायचं कसं हे त्याला आठवत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? दादाला विचारलं तर तो "मस्त" म्हणतो, पण दादा स्वतःच्या कंबरेलाही मस्तच म्हणत होता, पट्टा लागेपर्यंत. म्हणून तूच कळव: जिना चढतेस का, वाकता येतं का, आणि व्यायाम करून घेणारी ती बाई अजून तुला रडवते का. मी बरी आहे. पैलवान बरा आहे. हे दुसरं वाक्य तू आज खरं मानणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच हे पत्र.

तू शस्त्रक्रियेसाठी दादाकडे गेल्यापासून मी तुला रोज "ठीक आहे" एवढाच निरोप पाठवते आणि तो लिफ्टच्या तपासणीच्या दाखल्यासारखा वाटतो, अशी तुझी जुनी तक्रार. त्यात आता माझ्या खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी (निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखते) तुला फोन करून मंगळवारचा प्रकार सांगितला, आणि तू रविवारी दादाला पैलवानाला घेऊन जायला पाठवते आहेस. निर्णय योग्य आहे. माझं काहीच म्हणणं नाही. फक्त बाईंना गोष्ट सांगताना मधल्या पायऱ्या गाळायची सवय आहे (मुलांचे गुण मात्र त्या याच कारणासाठी कापायच्या), तेव्हा मधल्या पायऱ्या मी भरते.

तू पैलवानाला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा मला कुत्र्यांतलं काही कळत नव्हतं. पग म्हणजे कुत्र्याची छोटी आवृत्ती असेल, इतपत समज. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की हा प्राणी आवाज करतो. भुंकत नाही, आवाज करतो. बसला तरी, झोपला तरी, जेवताना तर दोन वेगवेगळे. माझ्या धंद्यात आवाज म्हणजे तक्रार. लिफ्ट घरघरली तर बेअरिंग बघायचं, खरखरली तर दोर बघायचा, शिट्टी वाजली तर दाराची फट. मी त्याच्या शेजारी बसून बराच वेळ ऐकलं आणि त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळी लावली आणि म्हणाल्या, "घोरतोय." मी म्हटलं, जागा आहे. त्या म्हणाल्या, "जागेपणी घोरतोय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ती यंत्राचीच गोष्ट असल्यामुळे मला लगेच कळली. कुत्रं आपल्यासारखं घामाने थंड होत नाही, धापा टाकून होतं. याचं तोंड माणसांनी हौसेपोटी पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत आणलं. बाहेरचं नाक गेलं, आतला ऐवज मात्र होता तेवढाच राहिला, म्हणून हवेची वाट चिंचोळी. त्यामुळे उकाड्यात याला धापा टाकायलाच एवढे कष्ट पडतात की थंड व्हायच्या नादात हा आणखी तापतो. म्हणजे स्वतःच्याच पंख्याने तापणारी मोटर. असं यंत्र मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आलं असतं तर मी सही केली नसती. पण ते आधीच बनून तयार होतं, आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकून मंजुरीची वाट न बघता झोपलं होतं.

बाकीचं हळूहळू शिकले. कपाळाच्या घड्या रोज पुसून कोरड्या करायच्या. गळपट्टा नाही, छातीचा पट्टा. वाडगं उथळ हवं, नाहीतर तो ते तोंडाने ढकलत स्वयंपाकघरभर फिरवतो आणि शेवटी फ्रीजशी गाठ पडली की फ्रीजवर रागावतो. माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही असं आई लहानपणापासून म्हणते, ऑफिसातही पाठीमागे माझं नाव "बर्फाची लादी" आहे (हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही). पैलवानाच्या कपाळावर बघावं तेव्हा दोन माणसांना पुरेल एवढी काळजी असते. त्यामुळे घराची सरासरी बरोबर येते.

केसांबद्दल मात्र तू आधी बोलायला हवं होतंस. माझी काळी पँट आता काळी नाही. गणिताच्या बाईंनी लिफ्टच्या कोपऱ्यात केसांचा पुंजका बघून मला एकदा सुनावलं होतं, "या तुझ्या फुटलेल्या उशीसारख्या कुत्र्यापायी एक दिवस लिफ्ट बंद पडेल, बघ." मी लिफ्टची इंजिनिअर. केसांनी लिफ्ट बंद पडत नसते, असं मी त्यांना नीट कारणांसह सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. निकाल आधीच ठरवलेल्या परीक्षकासारख्या.

मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाईंकडे लस टोचून घेऊन आम्ही परत आलो. उकाडा फार होता. रिक्षातून दारापर्यंत मी त्याला उचलूनच आणलं, ओला टॉवेलही होता. खाली लिफ्टमध्ये गणिताच्या बाई आल्या, हातात बाजाराची पिशवी. पैलवानाला खाली ठेवलं. तो नेहमीप्रमाणे दाराला पाठ लावून बसला (भिंतीला टेकून बसणं त्याला आवडतं, दार हीसुद्धा त्याच्या मते भिंतच), आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. दाराचा विजेचा संपर्क सुटला की ती जागच्या जागी थांबते. थांबायलाच हवी. पाठोपाठ पंखाही बंद.

इथपर्यंत मी शांत होते. अडकलेल्या माणसाला लिफ्टच्या पेटीत हवा पुरते, हे मी याच इमारतीच्या सभेत फळ्यावर आकडे मांडून दाखवलं होतं. आकडे बरोबर आहेत. फक्त ते नाक असलेल्यांसाठी आहेत.

आधी त्याचा आवाज वाढला. मग बदलला. मावशी, त्याचे घरातले सगळे आवाज मला आता पाठ आहेत, हा त्यांतला नव्हता. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. जीभ नेहमीपेक्षा लांब बाहेर आली आणि तिचा गुलाबी रंग कडेने गडद व्हायला लागला. टॉवेल कोमट झाला होता. मी दाराच्या फटीत बोटं घातली.

"दाराशी झटापट करू नये," बाई म्हणाल्या. "पेटी केव्हाही हलू शकते. तूच सांगितलंस सभेत. मी लिहून घेतलंय." मी बोटं काढली. त्या बरोबर होत्या, आणि तेच जास्त लागलं.

मग मी आमच्याच कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. मुलगी नवी होती, आवाज ओळखत नव्हती, आणि शिकवल्याप्रमाणे एकही प्रश्न गाळत नव्हती. (प्रश्नांची यादी मी लिहिलेली. इतर वेळी मला समाधान वाटलं असतं.) मी म्हटलं, मी इथलीच इंजिनिअर आहे, पथक लगेच पाठवा. ती अदबीने म्हणाली की कर्मचारी अडकल्यास त्याने रांगेत थांबावं असा नियम आहे. आहे. मीच लिहिलाय. पथक हातातलं काम टाकून फक्त दोन कारणांनी निघतं: आत श्वासाचा रुग्ण असेल, किंवा लहान मूल असेल. प्राण्यांसाठी रकाना नाही. तोही मी ठेवला नाही.

"श्वासाचा त्रास असलेलं कोणी आहे का?"

"आहे."

"वय?"

"चार."

"म्हणजे मूल आहे. मूल तुमचं आहे का?"

या प्रश्नावर मी त्याच्याकडे बघितलं. पैलवान खाली पडला नव्हता, पण त्याचे पुढचे पाय सरकत होते आणि तो ते पुन्हा पुन्हा जागेवर आणत होता, जणू कोणी बघतंय म्हणून. कपाळावरची काळजी तशीच होती. फरक एवढाच की आज ती खरी होती. मी म्हटलं, "हो." तिने नाव विचारलं. मी नाव खरं सांगितलं.

फोन ठेवला तर बाई माझ्याकडे बघत होत्या. चुकीच्या पद्धतीने उत्तर बरोबर आलं की त्या पूर्वी ज्या नजरेने वही बघत असाव्यात, तशा. मग त्या लिफ्टच्या फरशीवर बसल्या (तुझ्याच वयाच्या आहेत, आणि गुडघेही तुझ्यासारखेच), पिशवीतून गोठवलेल्या वाटाण्याचं पाकीट काढलं आणि पैलवानाच्या पोटाखाली सरकवलं. दुसरं पाकीट मांड्यांमध्ये. मी पाण्याच्या बाटलीने पंजे आणि कान भिजवत राहिले. बाई वीजबिलाने वारा घालत होत्या आणि त्याला सांगत होत्या, "घे, घे श्वास. घाई नाही. एक झाला की दुसरा." वर्गात मागे पडलेल्या मुलाशी बोलतात तसं. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि खरोखर एकानंतर दुसरा घेतला. निम्मं पाणी मी माझ्याच बुटांवर सांडलं, हे बाईंनी तुला सांगितलंच असेल. ओल्या बाटलीमुळे.

पथकाने वरून पेटी हाताने मजल्यावर आणली. दार उघडलं तर समोर आमचा मेकॅनिक, त्याच्यामागे प्राणवायूची नळी घेतलेला मदतनीस, त्याच्यामागे निम्मी इमारत. मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आमच्यामागे कोपऱ्यात बघितलं आणि विचारलं, "मूल कुठाय?"

आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या गणिताच्या बाई वाटाण्यांवरच्या पैलवानाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय. चेहरा आजोबांवर गेलाय."

मेकॅनिकने नळी पैलवानाच्या तोंडाशी धरली. (मुलांचा मुखवटा बसेना, नाक लागतं.) मी त्याला घेऊन निघाले तेव्हा तो दाराच्या खालच्या खोबणीत पक्कड घालत होता. तिथून त्याने बोटभर लांबीचा, दाबून घट्ट झालेला, फिकट पिवळ्या केसांचा गोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "मॅडम, तुमचं काहीतरी पडलंय." त्या गोळ्यामुळे दार पुरतं बसत नव्हतं, पैलवानाने पाठ टेकली आणि संपर्क सुटला. बाईंचा निकाल बरोबर आला. त्यांनी मला एका शब्दानेही टोमणा मारला नाही, ही शिक्षा मी अजून भोगते आहे.

डॉक्टरीणबाईंनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी बाहेरच्या बाकावर होते. शेवटी आतून घोरण्याचा आवाज आला, जागेपणीचा, आणि माझ्या धंद्यात जन्मभर जी तक्रार समजली जाते ती ऐकून मी प्रथमच मान टेकून डोळे मिटले. त्यांनी त्याला माझ्या हातात दिलं आणि तो माझ्या तोंडावर शिंकला.

एवढंच घडलं. तेव्हा तुझा निर्णय योग्य आहे हे मी पुन्हा लिहिते. त्याचं सामान मी एका पिशवीत भरून ठेवलं आहे. (त्याने ते बाहेर काढलं. पुन्हा भरेन.) दादाला नमस्कार सांग, वहिनीलाही. गुडघ्याला जप, आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचं ऐक. रडवणारी माणसं बहुधा बरोबर असतात, हे मी या आठवड्यात शिकले.

तुझी भाची

ता. क. रविवारी आमच्या इमारतीची लिफ्ट देखभालीसाठी दिवसभर बंद राहील. नोटीस मीच लावली आहे. देखभाल खरी आहे, सगळ्या दारांच्या खोबण्या साफ करायच्या आहेत. वार तेवढा मी निवडला. मी सातव्या मजल्यावर राहते. पैलवानाला जिना वर्ज्य आहे आणि दादाला ओझं. तेव्हा त्याला हेलपाटा घालायला लावू नकोस. पुढच्या रविवारी दोर तपासायचे आहेत.

ता. क. २. मदतीच्या फोनवर खोटी माहिती दिल्याबद्दल साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. श्वासाचा त्रास खरा, वय खरं, नाव खरं. मूल हा शब्द माझा नव्हता, त्या मुलीचा होता. (त्या वेळी दुसरं कोणी कुठे अडकलेलं नव्हतं, हे मी दुसऱ्या दिवशी तपासून घेतलं.) अडचण फक्त एका उत्तराची आहे. तर मावशी, तू दोन ओळी लिहून सही करून पाठवशील का, की पैलवान माझा आहे? तुला यायचं तेव्हा ये, राहायचं तेवढं राहा, त्याला मांडीवर घे, गुडघा सांभाळून. पण कागदावर माझा. म्हणजे माझं "हो" तरी खरं ठरेल.

ता. क. ३. तारीख मंगळवारच्या आधीची घाल. ही चूक आहे हे मला कळतं. बाई म्हणाल्या, पद्धतीचे गुण कापू, उत्तराचे देऊ.